आबाजींचे शब्द आणि जुना डबा



मागच्या खेपेला मी तुम्हाला कबूल केलं होतं, की या आठवड्यात पेन ड्राइव्हच्या पोटात काय काय असतं ते सांगेन. पण ते आता पुढे ढकलावं लागतंय. रागावू नका हं! झालं असं, की २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत मी अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे गेलो आणि तिथे माझ्या गळ्यात एक असं काम पडलं, की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

अमरावती-अकोला रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. याच रस्त्यावर जून २०२२मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. वाटेत मूर्तिजापूर लागतं. त्याच तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. आपल्या देशाचा पहिला महासंगणक, म्हणजे १९९१ सालचा ‘परम ८०००’, ज्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झाला, ते डॉ. विजय भटकर मुरंब्याचे. गाडी मूर्तिजापूरला थांबली की मला हटकून ही गोष्ट आठवते. या वेळीही आठवली. पण अकोल्यात माझी वाट पाहणारा संगणक ‘परम’ नव्हता. तो होता आबाजींचा डबा!

आबाजी म्हणजे बहिणीचे सासरे. वय ८४. शाळेत मास्तर होते, शिवाय घरची शेती. माझा भाचा नववीत आहे. मी पायरीवर चप्पल काढतोय तोच तो म्हणाला, “मामाजी, बरं झालं आले. हे डबडं आता भंगारात देऊन टाकू का जी? नाहीतर याच्यात नवं विंडोज टाकून द्या.”

आतून आवाज आला, “काहून रे? माझे शब्द हायेत त्याच्यात!”

आता हे शब्द काय प्रकरण आहे, ते ऐका. निवृत्त झाल्यावर आबाजींनी वावरातले वऱ्हाडी शब्द गोळा करायला घेतले. तिफण, वखर, डवरा, रुमणं, धुरा, रेंगी, सालदार… एकेक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोण कसा वापरतो याची एकदोन वाक्यं. २००७ साली घरात हा संगणक आला तेव्हा ते टाइप करायला शिकले आणि चार वर्षं रोज दुपारी एका बोटाने टाइप करत बसले. मूळ वह्या? त्या एका पावसाळ्यात छत गळून भिजल्या आणि गेल्या. म्हणजे ते शब्द जगात एकाच ठिकाणी उरले होते, त्या डब्यात! आणि डबा सुरू केला, की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच सांगायचा, की एक फाइल सापडत नाही किंवा बिघडली आहे.

आधी घाबरायचं कारण काय नव्हतं ते सांगतो. संगणकात एक असते कार्यप्रणाली आणि दुसरी असते आपली माहिती. कार्यप्रणाली म्हणजे लग्नघरातला कारभारी समजा. कोणाला कुठलं भांडं द्यायचं, कोठीची किल्ली कोणाकडे, पंगत कधी बसवायची हे सगळं तो बघतो. कारभारी आजारी पडला, तर पंगत बसत नाही. पण म्हणून कोठीतले लाडू नाहीसे होत नाहीत! आबाजींच्या डब्यातला कारभारी होता विंडोज एक्सपी. तो २००१ साली बाजारात आला आणि ८ एप्रिल २०१४ला कंपनीने त्याच्या दुरुस्त्या थांबवल्या. वीज गेल्यामुळे मध्येच बंद पडून तो बिघडला होता. हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज मात्र येत नव्हता. (तसा आवाज येत असेल तर काही न करता यंत्र बंद करा आणि जाणकाराकडे न्या.)

“मग नवं विंडोज टाका ना,” भाचा पुन्हा म्हणाला. ते शक्यच नव्हतं. विंडोज ११ला कमीत कमी ४ जीबी रॅम लागते, ६४ जीबी जागा लागते आणि प्रोसेसर ६४ बिटांचा लागतो. या डब्यात पेंटियम ४, तो ३२ बिटांचा आणि रॅम ५१२ एमबी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा जेवढा मोठा, तेवढी भांडी एका वेळी मांडता येतात. ५१२ एमबीच्या ओट्यावर विंडोज ११चा स्वयंपाक मांडायचा म्हणजे पाटावर अख्ख्या गावाची पंगत! विंडोज १०चीही गोष्ट संपल्यातच जमा, कारण १४ ऑक्टोबर २०२५ला त्याच्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबल्या. तुमच्या घरच्या किंवा शाळेच्या संगणकाबद्दल हाच प्रश्न पडला असेल, तर पुढचं जरा लक्ष देऊन वाचा. आईबाबांनाही वाचायला द्या.

“पण नेटवर एक्सपी फुकट मिळतं की!” भाचा काही हार मानेना. मिळतं, हे खरं आहे. पण कंपनी ते फुकट वाटत नाही. कुणीतरी कुलूप तोडून ठेवलेला तो माल असतो, आणि त्यात आणखी कोण लपून बसलंय ते तुम्हाला दिसत नाही. आबाजींनाही एक्सपीच हवं होतं बरं का! कारण त्याच्या पडद्यावरचं ते हिरव्या टेकडीचं चित्र. ते म्हणतात, पावसाळ्यात मेळघाट अस्साच दिसतो. प्रत्यक्षात तो फोटो चार्ल्स ओ’रिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात काढलेला आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग आम्ही ठरवलं, लिनक्स घ्यायचं. लिनक्स म्हणजे काय? १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की मी गंमत म्हणून एक कार्यप्रणाली लिहितो आहे. पुढे जगभरचे लोक तिला हात लावत गेले. ती कुणीही उतरवून घ्यावी, वाटावी, बदलावी, सगळं कायदेशीर! ‘परम’चं सालही १९९१च, आहे ना गंमत? त्याच साली आणखी एक गोष्ट घडली. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे, कारण तिच्यावाचून आबाजींचे शब्द वाचलेच नसते.

पहिलं काम होतं शब्द बाहेर काढायचं. त्यासाठी आम्ही ‘पपी लिनक्स’ घेतलं. पपी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू! ऑस्ट्रेलियातल्या बॅरी काउलर यांनी २००३मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आणलं. हे पिल्लू इतकं लहान, की हार्ड डिस्कला हात न लावता ते सगळंच्या सगळं रॅममध्ये बसतं आणि तिथूनच काम करतं. आम्ही २०१९ सालचं, ३२ बिटांच्या यंत्रांसाठीचं पिल्लू निवडलं. चारशे एमबीच्या आतलं प्रकरण, भाच्याच्या लॅपटॉपवर थोड्या वेळात उतरलं.

उतरवलेली फाइल मात्र लगेच वापरायची नाही! तिची आधी खूण पटवायची. अशा प्रत्येक फाइलबरोबर ती देणारे लोक ६४ अक्षरांची एक लांबलचक खूण जाहीर करतात. तिचं नाव शा-२५६. तुम्ही तुमच्या संगणकाला सांगायचं, की आलेल्या फाइलची अशीच खूण काढ. दोन्ही तंतोतंत जुळल्या तर माल चोख. गंमत अशी, की कोट्यवधी अक्षरांत एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं, तरी अख्खी खूणच बदलते. आमची पहिली खूण कुठेच जुळेना! मोबाइलच्या नेटवर उतरवताना मध्येच रेंज गेली होती, फाइल अर्धवट आली होती. पुन्हा उतरवली, तेव्हा जुळली. भाच्याने चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं बोट ठेवून मोजली.

आता ते पिल्लू डब्यात सोडायचं कसं? डबा पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायला तयार नव्हता. जुनी यंत्रं कधीकधी होत नाहीत. डीव्हीडी चालत होती. पण आजच्या काळात कोरी डीव्हीडी कुठे मिळावी? टिळक रोडवर तीन दुकानं फिरलो. दुकानदार आमच्याकडे असे बघायचे, जसं काही आम्ही ग्रामोफोनची सुई मागतोय. शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत मिळाल्या. फाइल डीव्हीडीवर नुसती चिकटवून चालत नाही बरं का, ‘इमेज’ म्हणून लिहावी लागते. तेही स्टुडिओवाल्या दादांनीच करून दिलं.

येताना जुन्या सामानाच्या दुकानातून ५१२ एमबीची आणखी एक रॅमची पट्टी घेतली आणि घड्याळवाल्याकडून एक बटणसेल. कारण डब्याला वाटत होतं, की आज १ जानेवारी २००२ आहे! वीज नसताना तारीख लक्षात ठेवायला आत एक छोटा सेल असतो, तो संपला की संगणक असा भ्रमिष्टासारखा वागतो. आणि तारीख चुकली की इंटरनेटवरच्या सुरक्षित साइट त्याला दारात उभं करत नाहीत. सेलचं नाव सीआर २०३२. नावातच त्याचं माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. मोजून बघा!

डब्याचं झाकण आम्ही उघडलं, प्लग काढून. पंख्यावर धुळीचं नि कापसाच्या बोंदराचं एवढं अस्तर बसलं होतं, की भाचा म्हणाला, याची एक उशी होईल. मऊ ब्रशने साफ केलं. एक सांगून ठेवतो. जुना, मागे पोट असलेला मॉनिटर आणि डब्यातली पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडायची नाही. प्लग काढल्यावरही त्यांच्यात धक्का बसण्याइतकी वीज राहू शकते.

पिल्लू सुरू झालं! त्यातून हार्ड डिस्क उघडली, आबाजींचं फोल्डर दिसलं, फाइल दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवली. मी हात झटकले आणि म्हणालो, “चला, लाडू सुखरूप. आता डिस्क पुसून टाकू आणि नवा कारभारी बसवू.”

आबाजी खाटेवरून म्हणाले, “आधी पहिला शब्द वाचून दाखव बरं.”

भाच्याने लॅपटॉपवर फाइल उघडली आणि गप्पच झाला. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, नुसती खिचडी. जिथे ‘मराठी’ असायला हवं, तिथे ई, जे, के, बी, एच अशी पाच अक्षरं. माझ्या पोटात गोळा आला. मित्रांनो, खरं सांगतो, आबाजींनी ते एक वाक्य म्हटलं नसतं, तर मी डिस्क पुसली असती. इतकी वर्षं संगणकावर लिहितो आहे मी! पण माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

काय झालं होतं? संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. इंग्रजीतला लहान डी म्हणजे त्याच्या लेखी १००. पूर्वी मराठीला असे स्वतःचे, सगळीकडे चालणारे आकडे घरोघरच्या संगणकांत वापरले जात नव्हते. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. आकडा १००च ठेवायचा, पण त्या जागी चित्र काढायचं ‘क’चं! कृतिदेव हा असाच एक फॉन्ट. तो संगणकात असेल तर डीच्या जागी ‘क’ दिसतो, नसेल तर डीच. आणि १९९१ची ती तिसरी गोष्ट म्हणजे युनिकोड. त्या वर्षी त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि जगातल्या लिप्यांबरोबर देवनागरीलाही स्वतःचे आकडे मिळाले. ‘क’ला मिळाला २३२५. आज तुम्ही मोबाइलवर मराठी लिहिता ती या आकड्यांत. पण २००७ साली आबाजींना ज्याने टाइपिंग शिकवलं, त्याने जुनाच फॉन्ट शिकवला होता.

म्हणजे आम्ही कुलूप आणलं होतं आणि किल्ली डब्यातच राहिली होती! पुन्हा पिल्लू सुरू केलं, विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्टचं फोल्डर शोधलं आणि ते आख्खंच उचललं. लॅपटॉपवर तो फॉन्ट बसवला मात्र, आणि एका क्षणात पडदा मराठी झाला. भाच्याने मोठ्याने वाचलं, “अडणा. दाराले आतून लावाचं आडवं लाकूड.”

“हां,” आबाजी म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

यानंतरचं काम सोपं होतं, म्हणून झटपट सांगतो. नवा कारभारी म्हणून आम्ही डेबियन निवडलं. लिनक्सच्या कुटुंबातलं हे एक जुनं घर, १९९३पासूनचं. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या खेळण्यांची नावं देतात! १३वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’, म्हणजे ती निळी डायनोसॉर, ऑगस्ट २०२५मध्ये आली. पण ती ३२ बिटांच्या यंत्रावर बसवता येत नाही. म्हणून मुद्दाम तिच्या आधीची, जून २०२३ची १२वी ‘बुकवर्म’ घेतली. तिला दुरुस्त्या जून २०२८पर्यंत मिळायच्या आहेत. नवं ते चांगलंच असं धरून चाललो असतो, तर इथे अडकलो असतो.

डेबियन बसवताना चित्रमय पद्धत निवडली, तर भाषांच्या यादीत मराठी असते. पुढचे सगळे प्रश्न मराठीतून! भाचा खूष. एका ठिकाणी विचारतात, डिस्क कशी वापरायची. तिथे ‘संपूर्ण डिस्क’ म्हटलं, की जुनं सगळं गेलं. तिथे आम्ही पाच मिनिटं थांबलो, दोन्ही पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून फाइल आणि फॉन्ट उघडतात का ते पुन्हा बघितलं आणि मगच पुढे गेलो. अर्ध्याहून जास्त काम झालं असेल, तेवढ्यात लाइट गेली! डबा ठप्प, नेट ठप्प. बहीण म्हणाली, “आता वो?” आता काय, लाइट आल्यावर पहिल्यापासून. पण या वेळी कुणाच्या पोटात गोळा आला नाही.

रात्री साडेदहाला डबा नव्या कारभाऱ्यासह उभा राहिला. एलएक्सडीई नावाचा हलका डेस्कटॉप घेतला, कारण ओटा लहान, आता १ जीबी झाला असला तरी. उगाच फुशारकी नको. या यंत्रावर नेटवरचे व्हिडिओ अडखळत चालतात आणि लिबरऑफिस उघडेपर्यंत चहाला आधण येतं. पण टायपिंग होतं, टक्स पेंटमध्ये चित्रं काढता येतात, पायथन शिकता येतं. भाच्याला तो आता फेकायचा नाहीये. पडद्यावर त्याने आबाजींसाठी मोबाइलमधला फोटो लावला, चिखलदऱ्याचा. आबाजी म्हणाले, “पहिलेची टेकडी जास्त हिरवी होती.”

एक काम उरलंच होतं. शब्द जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायचं. बदलून देणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, पण आम्ही घेतलेला जरा कच्चा निघाला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती डावीकडे दिसते ना! युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. ही अदलाबदल नीट झाली नाही, तर वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते. ‘शनिवार’चा होतो ‘शिनवार’. रफाराचंही तसंच, जुन्यात तो अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे ‘मूर्तिजापूर’ या एका शब्दात दोन्ही संकटं! असा शब्द माणसालाच दुरुस्त करावा लागतो, आणि अर्थ माहीत असलेल्या माणसाला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भाचा डब्यासमोर बसतो, आबाजी खाटेवर. हा वाचतो, ते दुरुस्ती सांगतात. त्याला निम्मे शब्द माहीतच नव्हते. परवा फोन आला, तेव्हा गाडी ‘प’पर्यंत पोचली होती आणि ‘पऱ्हाटी’वर अडली होती. त्या ‘ऱ्ह’ची प्रोग्रॅमने पार दैना केली होती, म्हणून भाच्याचं म्हणणं, सरळ कापूस लिहू ना. मागून आबाजींचा आवाज ऐकू आला, “कापूस घरात येते रे पोट्ट्या, वावरात उभी असते ते पऱ्हाटी!” दोघांनी मला निवाडा मागितला. मी म्हटलं, मला लेख लिहायचाय, आणि फोन ठेवला.

पेन ड्राइव्हच्या पोटात पुढच्या आठवड्यात शिरू. नक्की!